ट्रक एवढा उंच कुणी केला?

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. शनिवार सकाळ, किराणा दुकानाचं पार्किंग. माझ्या एका हातात सामानाच्या पिशव्या, दुसऱ्या हातात सहा वर्षांच्या मुलाचा हात. त्याने हात सोडवला, चार पावलं पुढे पळाला आणि उभ्या असलेल्या एका पिकअपच्या पुढून जायला लागला. नेमकी तेव्हाच ती पिकअप सुरू झाली आणि पुढे सरकली.

मी ओरडले. गाडी थांबली. मुलगा आणि गाडीची जाळी यांच्यात हातभर अंतर राहिलं होतं.

दार उघडून एक म्हातारे गृहस्थ उतरले. उतरले म्हणजे हँडलला धरून, पायरीवर पाय ठेवून, जिना उतरावा तसे उतरले. त्यांचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते. “मला दिसलाच नाही हो,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी रागाने त्यांच्या गाडीकडे बघितलं आणि लक्षात आलं, की ते खरं बोलतायत. बॉनेट माझ्या खांद्याला लागत होतं. मुलाचं डोकं त्याच्या पार खाली. स्टेअरिंगमागे बसलेल्या माणसाला त्या जागी फक्त रिकामं पार्किंग दिसलं असणार.

आम्ही अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कोलंबस नावाच्या छोट्या गावात राहतो. आजूबाजूला मका आणि सोयाबीनची शेती. इथे पिकअप दिसणं म्हणजे नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पिकअप दिसण्यासारखंच, त्यात नवल काही नाही. फक्त क्रेट घेऊन बाजारात उभी असते ती आपली पिकअप इथल्या ‘हेवी ड्यूटी’ पिकअपशेजारी उभी केली, तर तिचं पिल्लू वाटेल. फोर्डच्या २०२३ च्या सुपर ड्यूटी मालिकेतली सगळ्यात ताकदवान गाडी ४०,००० पौंड, म्हणजे सुमारे १८ टन ओढू शकते. आणि अशाच गाडीतून माणसं एकटी बसून ऑफिसला जातात, दूध आणायला जातात.

“अमेरिकन लोकांना सगळं मोठंच लागतं,” असं म्हणून मी इतकी वर्षं हा विषय सोडून देत होते. त्या शनिवारनंतर सोडवेना. मी वाचायला लागले, आणि या गाडीच्या उंचीच्या इतिहासात मला आधी एक कोंबडी भेटली, मग एक तेलाचं संकट, मग वजनाच्या काट्यावरचे दोन आकडे.

शेडमधला जुना ट्रक

पण त्याआधी ते आजोबा. दोन आठवड्यांनी त्यांनी आम्हाला शेतावर बोलावलं. माझा मुलगा त्यांना आता ‘ट्रकवाले आजोबा’ म्हणतो. त्यांच्या शेडमध्ये त्यांच्या वडिलांचा १९५१ सालचा फोर्ड एफ-१ उभा आहे. बॉनेट मधे उंच, पण अरुंद आणि दोन्हीकडे उतरतं. मागचा हौदा इतका बुटका, की बाजूला उभी राहून मी त्याच्या तळाला हात लावू शकले. “पोतं उचलायचं, बाजूने आत टाकायचं,” आजोबा म्हणाले. त्यांच्या नव्या गाडीच्या हौद्यातली वस्तू काढायला मात्र फाळका पाडून वर चढावं लागतं.

ही जात जन्माला आली तीच मुळी शेतकऱ्यांच्या खटपटीतून. फोर्डची मॉडेल टी घेतलेले शेतकरी मागची सीट काढून तिथे लाकडी पेटारा बसवायचे. कंपनीने हे बघितलं. १९१७ मध्ये मॉडेल टीटी नावाची एक टनी ट्रकची सांगाडा-गाडी ६०० डॉलरला आली. वरचा साज ज्याने त्याने आपापला चढवायचा. १९२५ मध्ये फोर्डने कारखान्यातच हौदा बसवलेली मॉडेल टी विकायला काढली, किंमत २८१ डॉलर. १९४८ मध्ये एफ मालिका आली: एफ-१ अर्ध्या टनाची, आणि तिथून चढत एफ-८ पर्यंत. १९५३ मध्ये नावं बदलून एफ-१००, एफ-२५०, एफ-३५० झाली. आज ‘हेवी ड्यूटी’ म्हणतात त्या याच २५० आणि ३५० च्या वंशातल्या.

तोवर ही गाडी म्हणजे कामाचं अवजार होतं. नांगर जसा अंगणात मिरवायला कुणी ठेवत नाही, तसंच. मग असं काय झालं?

कोंबडीचं युद्ध

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कोंबड्या कारखान्यासारख्या वाढवायला लागले आणि चिकन स्वस्त झालं. ते जहाजं भरभरून युरोपात, विशेषतः पश्चिम जर्मनीत जाऊ लागलं. तिथले शेतकरी ओरडले. १९६२ मध्ये युरोपच्या सामायिक बाजाराने अमेरिकन कोंबडीवर जबर आयातकर बसवला. वाटाघाटी झाल्या, निष्पन्न काही झालं नाही.

४ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेने उलट वार केला. केनेडींच्या हत्येला दोन आठवडेही झाले नव्हते. सही नवे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची होती. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, महागडी ब्रँडी आणि हलके ट्रक, या चार गोष्टींवर २५ टक्के कर लागला. ट्रक या यादीत कसे शिरले? त्या काळी फोक्सवॅगनची डबा-व्हॅन आणि तिच्यावरच बेतलेली पिकअप अमेरिकेत बऱ्यापैकी खपत होती, आणि मोटार कामगार संघटनेचे नेते वॉल्टर रूथर यांना ती आयात रोखून हवी होती. पुढे निवडणुकीचं वर्ष होतं. कोंबडीच्या भांडणात ट्रकचा काटा काढला गेला. १९६४ मध्ये पश्चिम जर्मनीतून येणाऱ्या ट्रकची आयात आदल्या वर्षाच्या सुमारे एक तृतीयांशावर आली.

स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि ब्रँडीवरचे ते कर कालांतराने गेले. ट्रकवरचा राहिला. कारवरचा आयातकर कित्येक वर्षं अडीच टक्के होता, ट्रकवर पंचवीस.

त्यातून पळवाटा शोधणाऱ्यांच्या कथा मजेशीर आहेत. जपानी बनावटीच्या छोट्या पिकअप हौद्याविना यायच्या, कारण नुसत्या सांगाड्यावर कर कमी होता. हौदा अमेरिकेत उतरल्यावर बसवायचे. ही वाट १९८० मध्ये बंद झाली. सुबारूने आपल्या ब्रॅट या पिकअपच्या उघड्या हौद्यात चक्क दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बसवल्या, तोंड मागच्या बाजूला. खुर्च्या आहेत म्हणजे ही प्रवासी गाडी, ट्रक नव्हे! पुढे खुद्द फोर्डने तुर्कस्तानातून आणलेल्या मालवाहू व्हॅनमध्ये मागच्या सीट बसवून त्या प्रवासी गाड्या म्हणून बंदरात उतरवल्या आणि मग सीट काढून टाकल्या. ते प्रकरण २०२४ मध्ये ३६५ दशलक्ष डॉलर भरून मिटलं.

पण मजा बाजूला ठेवून परिणाम बघा. कार बनवताना डेट्रॉइटला टोयोटा-होंडाशी झुंजावं लागलं. ट्रक बनवताना त्यांच्याभोवती पंचवीस टक्क्यांचं कुंपण होतं. कुंपणाच्या आत फायदा जास्त, म्हणून लक्ष तिथे, पैसा तिथे, जाहिराती तिथे. परदेशी कंपन्यांनी पुढे अमेरिकेतच कारखाने काढून पिकअप बनवल्या, पण साध्या, बुटक्या, स्वस्त पिकअपला बाहेरून आत यायचा रस्ता उरला नाही.

वजनकाट्यावरचे दोन आकडे

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १९७५ च्या डिसेंबरमध्ये कायदा झाला: गाड्यांनी कमी तेल प्यायलं पाहिजे. कारसाठी १९८५ पर्यंत गॅलनमागे सरासरी साडेसत्तावीस मैलांचं लक्ष्य ठरलं, आपल्या हिशेबात लिटरला साधारण पावणेबारा किलोमीटर. हलक्या ट्रकसाठी मात्र वेगळा आणि सौम्य नियम. हेतू चांगलाच होता. ट्रक म्हणजे शेतकऱ्याचं, गवंड्याचं अवजार; त्याच्या पोटावर पाय कशाला द्यायचा?

त्यातही आणखी एक रेघ होती. गाडी आणि तिच्यात घालता येणारा जास्तीत जास्त भार मिळून ८,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,८५० किलोंच्या वर गेला, की ती गाडी या तेलाच्या नियमातूनच बाहेर. हेवी ड्यूटी पिकअप नेमक्या याच रेघेच्या पलीकडे आहेत. त्यांच्यासाठी इंधनाचा पहिला देशव्यापी नियम जाहीर झाला तो थेट २०११ मध्ये, आणि लागू झाला २०१४ च्या मॉडेलपासून. शोरूममध्ये छोट्या कारच्या काचेवर ‘ही एवढं मायलेज देते’ असा सरकारी कागद चिकटवलेला असतो. हेवी ड्यूटी पिकअपच्या काचेवर तो लावायची सक्ती नाही. सगळ्यात जास्त पिणाऱ्याने किती प्यायली, हे सांगायला नको!

दुसरा आकडा ६,००० पौंडांचा. सत्तरच्या दशकात धुराचे नियम आले आणि शिसेविरहित पेट्रोल, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचे झाले, पण ६,००० पौंडांच्या आतल्या गाड्यांना. फोर्डने १९७५ साठी एफ-१०० पेक्षा थोडी जड गाडी काढली, जेमतेम त्या रेघेवरून उडी मारेल एवढीच. नाव ठेवलं एफ-१५०. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून आजतागायत अमेरिकेत सर्वाधिक खपणारा ट्रक आहे. तिच्या सगळ्यात प्रसिद्ध गाडीचा जन्म नियम चुकवण्यासाठी वाढवलेल्या वजनातून झाला, हे वाचून मी आधी हसले आणि मग जरा गप्प झाले.

६,००० चा तोच आकडा पुढे कराच्या कायद्यातही भेटतो. धंद्यासाठी घेतलेल्या साधनांची किंमत त्याच वर्षी उत्पन्नातून वजा करायची सवलत १९७९ वगैरे काळापासून नाही, त्याहूनही जुनी आहे. पण २००३ मध्ये तिची मर्यादा २५,००० वरून एकदम १,००,००० डॉलर झाली. साध्या कारला या सवलतीत फारच थोडी जागा आहे. ६,००० पौंडांवरच्या गाडीला भरपूर. मोठ्या एसयूव्ही घेऊन डॉक्टर-वकील हात धुऊन घेतायत असा बोभाटा झाला, तेव्हा २००४ मध्ये एसयूव्हीवर २५,००० ची मर्यादा आली. सहा फुटी हौद्याच्या पिकअप त्यातून पुन्हा सुटल्या. कारण? शेतकऱ्याचं अवजार.

कोथरूडचं इंजिन

आता आमच्या गावाबद्दल. माझं लहानपण पुण्यात कोथरूडला गेलं. तिथल्या कोणालाही ‘कमिन्स’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १९६२ मध्ये तिथे किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. त्या नावाचं मूळ इंडियानातल्या या कोलंबसमध्ये आहे. इथल्या एका बँकर कुटुंबाच्या क्लेसी कमिन्स नावाच्या ड्रायव्हर-मेकॅनिकने मालकाच्या पैशावर १९१९ मध्ये डिझेल इंजिनांची कंपनी काढली. आजही या गावात शनिवारी भाजी घेताना मराठी कानावर पडतं, ते त्या धाग्यामुळेच. आमच्याही घरात पैसा इंजिनांच्याच धंद्यातून येतो.

हेवी ड्यूटी पिकअपचा आजचा काळ सुरू झाला तो इथल्याच इंजिनाने. १९८९ मध्ये डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं टर्बो डिझेल बसलं. त्या इंजिनाची घडण शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांना नजरेसमोर ठेवून झाली होती. वेग बेताचा, ओढ जबरदस्त. पिकअपच्या शर्यतीत मागे पडलेल्या डॉजला त्याने पुन्हा उभं केलं, आणि मग तिघांत चढाओढ लागली: कुणाचं डिझेल जास्त ओढतं? १९९९ च्या मॉडेलपासून फोर्डने जड पिकअपना एफ-१५० पासून वेगळं काढून ‘सुपर ड्यूटी’ नाव दिलं. इंजिन मोठं, म्हणून रेडिएटर मोठा, म्हणून नाक मोठं. थोडी उंची खरोखर गरजेची होती. बाकीची दिसण्यासाठी वाढवली. समोरून बघणाऱ्याला दबकायला लावेल असा चेहरा खपतो, हे कंपन्यांना कळलं होतं.

या ओढाताणीला डागही आहेत. डॉजची ही शाखा पुढे रॅम नावाने वेगळी झाली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये रॅमच्या लाखो पिकअपमधल्या इंजिनांवर धूर-चाचणीला फसवणारी यंत्रणा असल्याच्या आरोपावरून कमिन्सने १.६७५ अब्ज डॉलर दंड भरायचं मान्य केलं. आरोप मात्र मान्य केला नाही. त्या आठवड्यात आमच्या गावात लोक या विषयावर जरा हळू आवाजात बोलत होते. मीही.

कारखाना थांबला, तेव्हा

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी या गाड्यांवर चिडले आहे. चिडले होते. मग मी कारखान्यांच्या बाजूने वाचायला लागले.

केंटकी राज्यातलं लुईव्हिल आमच्यापासून तासा-दीड तासावर आहे. तिथल्या फोर्डच्या कारखान्यात सुपर ड्यूटी बनते. ११ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी तिथले ८,७०० कामगार संपावर गेले. संघटनेने आधी इतर ठिकाणी संप केले होते; हा कारखाना हुकमाच्या एक्क्यासारखा राखून ठेवला होता. फोर्डनेच सांगितलं, की हा एकटा कारखाना वर्षाला २५ अब्ज डॉलरची उलाढाल करतो. दोन आठवड्यांत फोर्डशी तडजोड झाली आणि कामगारांना चांगली पगारवाढ मिळाली. ज्या फायद्याला मी नावं ठेवत होते, त्याच फायद्याच्या जोरावर.

मिशिगनमधलं फ्लिंट घ्या. १९३६-३७ च्या हिवाळ्यात तिथल्या जनरल मोटर्सच्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडलं, ४४ दिवस. अमेरिकेतल्या मोटार कामगारांची संघटना त्यातून उभी राहिली. पुढे या एका गावात जनरल मोटर्सच्या ऐंशी हजारांच्या आसपास नोकऱ्या होत्या. मग एकेक कारखाना बंद पडत गेला. आज तिथे जे उरलंय, त्यातला मोठा हिस्सा म्हणजे हेवी ड्यूटी पिकअपचा कारखाना. २०२३ च्या जूनमध्ये कंपनीने पुढच्या पिढीच्या हेवी ड्यूटीसाठी फ्लिंटमध्ये एक अब्ज डॉलरहून जास्त गुंतवायचं जाहीर केलं. फ्लिंटच्या माणसाला जाऊन सांगा, की या गाड्या कमी खपायला हव्यात!

मागणी अजून वाढतेच आहे. कॅनडातल्या ओकव्हिलचा कारखाना फोर्डने विजेवर चालणाऱ्या एसयूव्हीसाठी राखला होता. जुलै २०२४ मध्ये बेत बदलला: तिथे आता सुपर ड्यूटी बनणार, वर्षाला एक लाखापर्यंत, कारण आधीचे कारखाने पूर्ण क्षमतेने चालूनही पुरे पडत नाहीत. आणि याच कंपनीने २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेत बहुतेक सगळ्या छोट्या कार बंद करायचं ठरवलं होतं.

मी आजोबांना विचारलं, “तुम्हाला एवढी मोठी गाडी का हवी होती?”

“नको होती,” ते म्हणाले. “मला गुरांचा ट्रेलर ओढायचाय. तेवढं ओढणारी बुटकी गाडी दाखवा, उद्या घेतो.”

‘मागणी’ या शब्दाकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघते. आपण म्हणतो, लोकांना हवं असतं म्हणून कंपन्या बनवतात. पण लोकांच्या समोर काय मांडायचं, हे आधी कुंपणांनी, रेघांनी आणि सवलतींनी ठरवलेलं असतं. शेतकऱ्याच्या नावाने दार उघडं ठेवलं. त्यातून शेतकऱ्यापेक्षा इतरच जास्त आत आले, आणि शेवटी शेतकऱ्यालाही त्याला नको एवढी मोठी गाडी घ्यावी लागली.

आपली कापलेली शेपटी

हे फक्त अमेरिकेतच होतं असं नाही. आपल्याकडे २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी म्हणजे काय? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० आणि डिझेल १,५०० सीसीपर्यंत. लगेच गाड्यांच्या शेपट्या कापल्या जायला लागल्या. २००८ मध्ये इंडिगोची आखूड आवृत्ती आली, २०१२ मध्ये डिझायरची डिकी छाटली गेली. तुमच्या सोसायटीत उभी असलेली ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ चार मीटरला दोन-चार मिलिमीटर कमी का भरते, याचं उत्तर त्या अर्थसंकल्पात आहे. कायद्याच्या एका रेघेने तिथे शेपटी कापली, इथे नाक वाढवलं.

पण शेपटी कापल्याने कुणी मरत नाही. अमेरिकेत २००९ मध्ये ४,१०९ पादचारी गाड्यांखाली मेले. २०२२ मध्ये साडेसात हजारांवर. कारणं अनेक आहेत: अंधारे रस्ते, मोबाईल, वेग. पण २०२३ मध्ये इथल्या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने हजारो अपघात तपासले. ज्यांचं बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच आहे, त्या गाडीची धडक बसली तर पादचारी मरण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. बुटकी कार पायाला लागते. उंच नाक छातीला लागतं, आणि मूल असेल तर डोक्याला.

निघताना आजोबांनी मला त्यांच्या नव्या गाडीत स्टेअरिंगमागे बसवलं आणि मुलाला पुढे उभं केलं. त्यांनी आता पुढच्या जाळीत कॅमेरा बसवून घेतलाय. पडद्यावर मुलगा हात हलवत होता. काचेतून बघितलं तर नुसतं शेत. मी त्याला मागे सरकायला सांगितलं. एक पाऊल, दोन, तीन. आठव्या पावलाला मला त्याचे केस दिसले.

“दिसलो का, आई?” तो ओरडला.

“आता दिसलास,” मी म्हटलं, आणि खाली उतरायला पायरी शोधू लागले.